वाटेवरच्या माणसाला फोन नको

आक्का, सावडायचं आटोपलं, पाहुणे पांगले आणि मी माधवनगरला परत आलो. आज दुकान उघडलंय. गिऱ्हाइकं येतात, साडी बघायच्या आधी माझं तोंड बघतात आणि “वाईट झालं हो” म्हणतात. मी मान हलवतो. खरं सांगू का, मला म्हणावं तितकं वाईट वाटतच नाहीये, आणि हे दुसऱ्या कुणाजवळ बोलायची सोय नाही म्हणून तुलाच सांगतोय. त्या दिवशी सकाळी तू दाजींनी केलेल्या चहाला नाव ठेवलंस, तरी तो सगळा प्यालीस, पायरीवर टेकलीस आणि गेलीस. कपाळावर कुंकू, हातात बांगड्या, नवरा समोर. तुझ्या सासरच्या, उंब्रजच्या बायका अजून त्याचंच कौतुक करताहेत. एकीनं मला ऐकवलं, “आसं मराण मागून मिळत न्हाई.” तू असतीस तर म्हणाली असतीस, मागितलं हुतं कुणी?

पेपरात द्यायचा मजकूर तुझ्या लेकींनी दिला. तू कुणाची कोण, जावई कोण, नातवंडं किती, सगळं त्यात आलंय. फोटोही बरा आहे. फक्त त्यात तू गप्प बसलेली दिसतेस, आणि तेवढीच एक गोष्ट त्या मजकुरात खोटी आहे.

आपलं भांडण मात्र अर्धंच राहिलं. साडीचं भांडण. आता त्याला काही अर्थ उरला नाही हे कळतंय, पण तू उत्तर द्यायला नाहीस म्हणून मी सोडून द्यावं हेही मला पटत नाही. आयुष्यभर तू मला एकाही भांडणात सोडलं नाहीस.

आपल्याकडं बाई गेली की माहेरची साडी आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. मग माहेर शेजारच्या गावात असो, नाहीतर दुसऱ्या जिल्ह्यात. भाऊ, नाहीतर भाचा साडी घेऊन निघतो आणि इकडं अंगणात बसलेली माणसं त्याची वाट बघतात. पूर्वी वाट बघणं हे एक काम होतं आणि माणसांना ते यायचं. विडी ओढायची, पाऊसपाण्याचं बोलायचं, मध्येच एखाद्यानं गेलेल्या माणसाची आठवण काढायची. मोबाइल आले आणि हे काम कुणाला जमेनासं झालं. दर थोड्या वेळानं कुणीतरी उठतं, गोठ्याकडं जातं, कानाला फोन लावतं आणि विचारतं, “कुठवर आलास?”

आणि या प्रश्नाला आपली माणसं कधी खरं उत्तर देत नाहीत. तासगावात असलेला माणूस पुढचं विटा सांगतो. घरात अजून बुटाची नाडी बांधत असलेला माणूस नाका सोडला म्हणतो. फसवायचा हेतू नसतो, समोरच्याला जरा बरं वाटावं एवढंच. पण एकदा तोंडातून विटा निघालं, की ते खरं करून दाखवायचं काम गाडीवर येऊन पडतं.

आपला शिवा असाच गेला. आपल्यात सगळ्यात धाकटा, सगळ्यात देखणा आणि सगळ्यात घाईचा. मोटारसायकल त्याला चालवायची नसायची, पळवायची असायची. ट्रक आणि एसटीच्या मधली फट दिसली की ती आपल्यासाठीच सोडलीय असं त्याला वाटायचं. हेल्मेट टाकीवर ठेवायचा, पुढं पोलीस दिसला की डोक्यावर घ्यायचा. तू त्याला विचारायचीस, “डोकं टाकीवर ठिवलंयस व्हय रं?” तो हसायचा. त्याला हसायला फार छान यायचं, त्यामुळं त्याच्यावर रागावलेलं माणूस फार वेळ रागावलेलं राहायचं नाही. गावात तर त्याचं कौतुकच व्हायचं. शिवानं सांगली कशी गाठली, शिवानं घाटात कुणाला मागं टाकलं, हे पारावर सांगायला माणसं असायची.

कोरेगावच्या थोरल्या आत्या गेल्या, तेव्हा साडी घेऊन तोच निघाला. मी माल आणायला बाहेरगावी होतो. तू आधीच कोरेगावात पोहोचली होतीस, आणि माहेरची म्हणून फोन करायचं काम तुझ्याकडं आलं. तू विचारलंस, कुठवर आलास. त्यानं एका हातानं गाडी धरून सांगितलं, “रहिमतपूर सोडलं आक्का, आलोच.” तो तेव्हा पुसेसावळीच्याही अलीकडं होता. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, आणि वळण. त्यानं ट्रॅक्टर ओलांडायला घेतला आणि पलीकडून टेम्पो आला. टेम्पोवाल्याची काही चूक नव्हती. तो बिचारा नंतर आपल्या घरी आला होता, आईच्या पायाशी बसून राहिला आणि पुन्हा गाडीला हात लावणार नाही म्हणाला. एकाच्या घाईत दोन घरं बसली, हे तेव्हा मला कळलं. आत्यांना शेवटी कोरेगावच्या पेठेतून आणलेली साडी नेसवली.

मला वाटलं होतं, तू आता स्वतःला दोष देत बसशील. मग एकदा मी उंब्रजला आलो असताना तू भाकरी थापत सहज म्हणालीस, “बाळ्या, मी त्येला मारलं न्हाई. पण मी फोन केला नसता तर त्यो खोटं बोलला नसता. खोटं बोलला नसता तर त्येला पळाय लागलं नसतं. एवढंच हाय.” आणि पुढची भाकरी तव्यावर टाकलीस. त्यानंतर तू वाटेवर असलेल्या माणसाला कधी फोन केला नाहीस, आणि तुझ्यादेखत दुसऱ्या कुणाला करूही दिला नाहीस.

तुझ्या गल्लीतली ती म्हातारी गेली तेव्हा मी तिथंच होतो. तिचं माहेर पाटणच्या बाजूला. अंगणात माणसं ताटकळली होती, एकजण उठला आणि फोन कानाला लावला. तू बायकांतून उठलीस, डोक्यावरचा पदर नीट केलास आणि सरळ पुरुषांत गेलीस.

“कुणाला लावलायस?”

“पावण्यास्नी. कुठवर आल्यात बघतो.”

“कशावरनं येत्यात?”

“मोटारसायकलवरनं.”

“मग त्येंनी फोन धरायचा का गाडी धरायची? ठेव खाली.”

“आवं काकू, ऊन चढाय लागलंय.”

“चढू दे. म्हातारी कुठं पळून चाललीय व्हय?”

मयताचं अंगण, पण माणसं हसली. म्हातारीचा मुलगाच आधी हसला, आणि हसता हसता त्याला पहिल्यांदा रडू आलं. पाहुणे आले ते दुपार कलल्यावर. ठणठणीत आले. तू त्यांना पाणी दिलंस आणि कुणी उशिराचं काही बोलायच्या आत चुलीकडं निघून गेलीस.

तेव्हापासून तुझं नावच झालं. तू कुठल्याही मातीला गेलीस की लोक एकमेकांना म्हणायचे, आक्का आली, फोन खिशात घाला. दाजी फौजेतून आलेले, त्यांना तर नवीन हुकूम मिळाल्यासारखं झालं. ते दारातच उभे राहून सांगायचे, “रेडिओ सायलेन्स हाय, मॅडमचा आर्डर हाय.” मग लग्नाचं वऱ्हाड असो, दवाखान्यात डबा नेणारा असो, सुट्टीवर येणारा जवान असो, तुझा नियम एकच. वाटंवरच्या माणसाला फोन न्हाई. काहींना तो आवडायचा नाही. तुझा एक चुलत दीर म्हणाला, हिच्यामुळं तास तास बसाय लागतं. तू म्हणालीस, बसा की, तुमाला कुठं मिलिटरीत जायाचंय.

मला याचा त्रास वेगळाच झाला. दुसऱ्यांच्या बहिणी भाऊ दारात आला की एवढा उशीर का म्हणतात. तू विचारायचीस, “कुठं कुठं थांबलास?” मी पेठ नाक्यावर चहा घेतला म्हणालो की तुझा चेहरा उजळायचा. कुठंच थांबलो नाही म्हणालो की पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवायचीस. शेवटी शेवटी मी तहान नसताना, भूक नसताना, निव्वळ तुला सांगायला काहीतरी असावं म्हणून थांबायला लागलो. त्या थांबण्यात मला काय काय दिसलं म्हणून सांगू. आष्ट्याजवळ हळदीची पानं वाऱ्यानं हलताना मी आयुष्यात पहिल्यांदा उभा राहून बघितली, आणि माझं सगळं आयुष्य तिथून तीस-बत्तीस किलोमीटरवर गेलंय.

पण साडीच्या बाबतीत मी तुझं ऐकलं नाही. माझं म्हणणं साधं होतं. आत्यांना पेठेतली साडी चालली ना, मग सगळ्यांनाच चालू दे. गावात साडी मिळते, तिथंच घ्या, माहेरचं नाव सांगा आणि मोकळे व्हा. कुणी पळायला नको, कुणी थांबायला नको. मी स्वतः साड्यांचा दुकानदार असून हे म्हणत होतो, याचं तरी तुला कौतुक वाटायला हवं होतं. तू म्हणायचीस, “साडीसाठी कोण थांबतंय रं? माणसासाठी थांबत्यात. साडी न्हाई म्हटल्यावर तू येशील का?” मी म्हणायचो, येईन की. “तू येशील. दुसऱ्याचा भाऊ यील का?” त्यावर मी म्हणायचो की मुळात रीतच चुकीची आहे. तू म्हणायचीस, रीत चांगली हाय, तुमची घाई वाईट हाय. आणि मग चहा यायचा, आणि विषय पुढच्या वेळेपर्यंत तिथंच राहायचा.

तुझी खरी काळजी वेगळीच होती, आणि ती मला माहीत होती. शिवाचा अक्षय. बाप गेला तेव्हा तो रांगत होता. त्यानं बापाला गाडी चालवताना कधी बघितलं नाही, तरी गाडीवर बसला की मान तशीच एका बाजूला टाकतो. कुपवाडच्या कारखान्यात लागला आणि पहिल्यांदा काय केलं तर मोटारसायकल घेतली. सायलेन्सर काढून दुसरा बसवला, तो आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा. बायपासवर पुढचं चाक उचलून चालवायचा आणि मित्र त्याचा व्हिडिओ काढायचे. सुनंदानं, त्याच्या आईनं, तो व्हिडिओ बघितला त्या दिवशी ती जेवली नाही. मी त्याला झाडलं. तो खाली मान घालून उभा राहिला आणि संध्याकाळी पुन्हा आवाज आला.

तू त्याला एका शब्दानं बोलली नाहीस. सुट्टीत तो उंब्रजला आला तेव्हा तू म्हणालीस, मसूरला माझ्या नणंदेकडं ताक न्यायचंय, चल. नऊवारीचा काष्टा आवरून तू मागं बसलीस आणि मांडीवर ताकाचं काठोकाठ भरलेलं पातेलं घेतलंस. त्यानं विचारलं, झाकण? तू म्हणालीस, “झाकण न्हाई. तूच झाकण.” पहिल्या गतिरोधकालाच निम्मं ताक त्याच्या पाठीवर आलं. तू गाडी फिरवायला लावलीस, घरी जाऊन पातेलं परत भरलंस आणि पुन्हा निघालात. दुसऱ्यांदा एका एसटीला ओलांडताना सांडलं. तिसऱ्यांदा कुत्रं आडवं आलं, त्यात तुझ्या मते अक्षयची चूक नव्हती, पण ताक सांडलं म्हणून ती फेरी धरली नाहीस. सांजेला मसूरला ताक पोहोचलं ते तळाशी चार बोटं. नणंदेनं विचारलं, हे काय आणलं? तू म्हणालीस, पोराला जरा शिकवत हुते. अक्षयनंच हे सगळं मला सांगितलं, पोट धरून हसत. शर्टाला आठवडाभर वास येत होता म्हणे.

लगेच सुधारला असं मी म्हणणार नाही. तो सायलेन्सर बराच काळ होता तिथंच होता. पण तू मागं बसलेली असलीस की तो सावकाश चालवायचा, आणि तो सुट्टीला आला की तू वरचेवर मागं बसायला लागलीस. बाजाराला, देवळाला, कुणाच्या बारशाला, तुला अचानक सगळीकडं जायचं असायचं. तुझ्या गुडघ्यांना ते बसणं सोसत नव्हतं, हे दाजी मला परवा बोलले. रात्री तेल लावून घ्यायचीस आणि सकाळी पुन्हा त्याला विचारायचीस, आज कुठं जायाचं?

आता त्या दिवसाचं सांगतो. दाजींचा फोन आला. फौजी माणूस, दोनच वाक्यं बोलले. “आक्का गेली. सावकाश ये.” मी गल्ल्याला कुलूप लावलं आणि साडी काढायला बसलो. हिरवी पाहिजे हे ठरलेलंच. सगळ्या हिरव्या साड्या काढून समोर टाकल्या आणि मला एकही पसंत पडेना. जन्मभर दुसऱ्यांच्या बहिणींना साड्या दाखवल्या, कुणाला दोन मिनिटांत पटवलं, आणि तुझ्या वेळी हात चालेनात. शेवटी तुझ्या आवाजात मीच मला म्हणालो, फिकी नको रं बाळ्या. मग गडद, रुंद काठाची घेतली. ती घडी घालताना मला पटलं की ही साडी उंब्रजच्या दुकानातून आणलेली मला चालली नसती. म्हणजे आपल्या भांडणात तू बरोबर होतीस. अर्धी बरोबर, एवढंच मी मान्य करेन.

शेजाऱ्यांची गाडी ड्रायव्हरसकट घेतली, सुनंदाला बरोबर घेतलं. गाडीत बसताना ती म्हणाली, अक्षय गेला. तुझ्या लेकीनं रडत रडत त्याला आधीच कळवलं होतं, आणि तो कारखान्यातून तसाच मोटारसायकल घेऊन निघाला होता. एकटा. मी खिशातून फोन काढला. त्याला थांबवायचं, आमच्या गाडीत घ्यायचं, एवढंच सांगायचं होतं. बटण दाबायचं बाकी होतं आणि हात थांबला. सुनंदा माझ्या हाताकडं बघत होती. “नको, दादा,” ती म्हणाली. तिनं स्वतःचा फोन मांडीवर पालथा ठेवला आणि पार उंब्रजपर्यंत सुलटा केला नाही.

आक्का, ती वाट मला पुन्हा नको. रस्त्याच्या कडेला चार माणसं उभी दिसली की सुनंदा सीटच्या पुढं सरकायची. इस्लामपूरच्या पुढं एका ठिकाणी बरीच गर्दी होती, गाड्या हळू झाल्या होत्या. ड्रायव्हरनं काच खाली करून विचारलं. ट्रकचं चाक फुटलं होतं, बाकी काही नाही. पुढं कऱ्हाडपर्यंत ड्रायव्हरनं काच खालीच ठेवली. तरी गाडी सावकाशच चालली होती, हे तुला मुद्दाम सांगतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंगण भरलं होतं. अक्षय नव्हता. तो आमच्या कितीतरी आधी निघाला होता, आणि नव्हता. साडी मी बायकांच्या हाती दिली. तुला नेसवली, शोभली तुला. सगळी तयारी झाली. ऊन भिंतीवरून खाली आलं. एक म्हातारा दाजींजवळ गेला आणि हळूच म्हणाला, “साडी आलीया. उचलायचं का आता?” दाजी म्हणाले, “पोरगं वाटंवर हाय.” म्हातारा परत जाऊन बसला. एका तरुणानं खिशातून फोन काढला, इकडं तिकडं बघितलं. त्याला कुणी काही बोललं नाही. त्याचं त्यानंच तो परत खिशात घातला.

शंभरेक माणसं, प्रत्येकाच्या खिशात फोन, प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न आणि कुणी विचारत नाही. आपल्या माणसांकडून तू हे करून घेतलंस, याचा मला त्या वेळी अभिमान वाटला नाही. मला तुझा राग आला होता. एक फोन, आक्का, एकच, तो जिवंत आहे एवढं कळायला. मी सुनंदाकडं बघितलं. ती तुझ्या उशाशी बसली होती, तुझ्या कपाळावरची केसांची बट पुन्हा पुन्हा मागं सारत होती, आणि ती बट मुळात पुढं आलेलीच नव्हती.

मग तो आला. चालत आला. हायवेकडून गल्लीत, हातात हेल्मेट, डोळे सुजलेले, कपडे धड. अंगणातल्या माणसांनी त्याला बघितलं आणि सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला असावा, कारण मला तो ऐकू आला. मी पुढं झालो.

“गाडी कुठाय?”

“पेठ नाक्यावर ठिवली, काका. एसटीनं आलो.”

“काय झालं?”

“काय न्हाई. आत्यानं सांगून ठिवलेलं. डोळ्यात पाणी आलं की गाडी कडंला घ्यायची, डोळं पुसायचं, मग निघायचं. मी लय येळा घेतली कडंला. पुसलं की परत येतंय. थांबंनाच. मग म्हटलं एसटीत बसावं. तिथं रडाय काय हरकत न्हाई.”

हे तू त्याला कधी सांगितलंस, मला माहीत नाही. मसूरच्या वाटेवर, की गुडघे दुखत असताना कुठल्या बारशाला जाताना. आम्ही त्याला कुठंतरी ओलांडलं असणार. एखाद्या झाडाखाली गाडी लावून तो डोळे पुसत उभा असेल आणि आम्ही गर्दी शोधत होतो, एकटं उभं असलेलं माणूस कुणी बघितलंच नाही.

दाजींनी त्याला पाणी दिलं. कुणी त्याला उशीर का झाला म्हणून विचारलं नाही. तो तुझ्या पायाशी जाऊन बसला. सुनंदानं त्याच्या पाठीवरून, डोक्यावरून, दोन्ही हातांवरून हात फिरवला, सगळं जागेवर आहे ना बघितल्यासारखा. मग ती खाली वाकली आणि तुझ्या कानाशी तोंड नेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“आक्का, आला बघा. उशिरा आला.”

आणि मग आम्ही तुला उचललं.